सुई-दोरा : गोधडीचं पोट, रजईच्या गाठी आणि खुर्चीचे कोपरे

दिवाळीचे फराळाचे डबे रिकामे झाले की इंदुरातल्या घरांत दोन कामं एकदमच निघतात. माळ्यावरच्या रजया गच्चीत उन्हाला जातात, आणि पाहुण्यांनी बसून-बसून चेपलेल्या खुर्च्यांकडे घरच्यांचं लक्ष जातं. या महिन्याची पत्रंही त्याच दोन गोष्टींची आहेत. मापं बहुतेक इंचात दिली आहेत, कारण शिंपी आणि फोमवाला दोघंही इंचातच बोलतात. कापड तेवढं मीटरवर मिळतं.

आईच्या तीन सुती नऊवारी साड्यांची गोधडी शिवायला घेतली. कडेकडेने टाके घालत आत आले, तर मधोमध कापडाचं पोट आलं आणि खालच्या अंगाला चुण्या पडल्या. उसवू का? आणि मुळात थर किती घ्यायचे?
– रामबाग, इंदूर

आधी पोट चिमटीत धरून पाहा. चिमटीत अर्ध्या इंचाहून कमी कापड येत असेल तर सगळ्यात आतल्या चार-पाच ओळी तेवढ्या उसवा आणि तो झोळ तळहाताने चहूकडे सारखा पसरून पुन्हा टाके घाला. इंचभर किंवा जास्त भरलं तर मात्र पूर्ण उसवण्यावाचून इलाज नाही. तो झोळ कितीही दाबून शिवला तरी पहिल्या धुण्यानंतर घडी होऊन बसतो.

असं का झालं ते समजून घ्या. धावदोऱ्याचा प्रत्येक टाका वरचा थर केसभर पुढे ढकलतो. खालचा थर जमिनीला किंवा मांडीला टेकलेला असतो, तो मागेच राहतो. चारी कडांनी आत येताना हे केसभर-केसभर साठत जातं आणि शेवटी त्याला जायला जागा उरत नाही. गोधडी कडेपासून शिवण्याची जुनी पद्धत चुकीची नाही, पण ज्यांच्या हातात ती मुरलेली असते त्यांचा डावा हात सतत खालून थर सारखे करत असतो. पहिल्या-दुसऱ्या गोधडीला ते जमत नाही. तिथे कच्चे टाकेच कामाला येतात.

आता हिशोब. नऊ वार म्हणजे ३२४ इंच. साडीचे दोन्ही काठ कापून काढा. ते जाड असतात, सुई अडवतात, पण गोटाला, म्हणजे कडेच्या पट्टीला, फार सुंदर दिसतात. काठ गेल्यावर पन्हा, म्हणजे रुंदी, ४२ इंचांच्या आसपास उरतो. बहुतेक जणी साडी गोधडीच्या लांबीत उभी टाकतात, आणि रुंदीला कापड कमी पडून तुकडे जोडत बसतात. साडी आडवी टाका. ६० इंचांचे पाच तुकडे निघतात. असे दोन तुकडे लांबीत एकाखाली एक ठेवले की ६० बाय ८४चा एक थर झाला. म्हणजे एका साडीचे अडीच थर, दोन साड्यांचे पाच. इंदूरच्या थंडीला पाच थर पुरतात. सहा चालतील. त्यापुढे हाताने सुई घालणं म्हणजे बोटांना शिक्षा. तिसरी साडी ठिगळांसाठी आणि पुढच्या दुरुस्तीसाठी राहू द्या.

कापण्याआधी साडी उजेडासमोर धरा आणि दोन्ही अंगठ्यांमध्ये आडवी ताणून पाहा. 'चर्र' आवाज आला तर तो भाग वर-खाली वापरू नका, आतल्या थरात चालेल. खळ पूर्ण धुऊन काढा. खळीवर कसर येते, आणि शिवलेल्या गोधडीतून ती काढता येत नाही.

वरचा आणि खालचा थर मधोमध टीप मारून जोडा. अर्धा-अर्धा इंच माया (शिवणीत जाणारं कापड) गेली की ८३ इंच उरतात. आतले तीन थर जोडू नका, कापडाच्या कडा फक्त एकमेकींना भिडवून ठेवा. त्यातही दुसऱ्या आणि चौथ्या थराचा सांधा मध्यावर येऊ देऊ नका. एक तुकडा अर्धा कापून २१, मग ४२, मग पुन्हा २१ असा मांडा. पाचही सांधे एका रेषेत आले तर तिथे काठीसारखा उंचवटा होतो आणि झोपणाऱ्याला तो पाठीला कळतो.

सगळ्यात खालचा थर पुसलेल्या फरशीवर उलट बाजू वर करून पसरा आणि चारी कोपऱ्यांवर पाटा-वरवंटा, डबे, जे असेल ते ठेवा. कापड सपाट हवं, ताणलेलं नको. ताणून ठेवलेलं कापड सोडल्यावर आखडतं आणि तुमच्या खालच्या चुण्यांचं अर्धं कारण तेच आहे. एकेक थर अंथरताना मधून बाहेर हात फिरवा. मग तीन-तीन इंचांचे कच्चे टाके: आधी मध्यावर उभी आणि आडवी ओळ, मग दोन्ही कर्ण, आणि नंतर दर आठ इंचांवर एक ओळ. प्रत्येक ओळ मध्यापासून सुरू करून कडेला संपवायची. यात एक दुपार जाते. ती वाचवणाऱ्यांच्याच गोधडीला पोट येतं.

कच्चे टाके झाले की पक्के टाके कडेपासून घाला किंवा मध्यापासून, फारसा फरक पडत नाही. एका इंचात चार ते पाच टाके, ओळींमध्ये एक इंच. दोरा सुती, जाड, एकपदरी. मशीनच्या बारीक दोऱ्याचे दोन पदर घेऊ नका, ते एकमेकांना पीळ देतात आणि गाठी पडतात. एका वेळी दीड हातापेक्षा लांब दोरा ओवू नका, आणि मेणबत्तीवरून एकदा ओढून घ्या. गाठ मारून सुई वरच्या थरातून घाला आणि हलका झटका द्या. 'टक्' होऊन गाठ थरांच्या मध्ये जाते. ५८ इंच रुंदीवर इंचाइंचाने ओळी धरल्या तर जवळजवळ १२० मीटर टाके होतात, त्याला दीडशे मीटर दोरा लागतो. तो एकाच वेळी आणा, नंतर आणलेल्या पांढऱ्यातही फरक असतो. अंगुस्तान मधल्या बोटात, तर्जनीत नको. सुई ढकलणारं बोट तेच आहे.

पूर्ण झाल्यावर गोधडी साधारण पावणेपाच फूट बाय पावणेसात फूट भरेल. टाक्यांनी दोन-तीन इंच खाल्ले जातातच.

मागच्या वर्षी नवा कापूस घालून साटीनची रजई भरली. एका हिवाळ्यातच कापूस पायाकडे गोळा झाला आणि मध्ये नुसतं कापड राहिलं. कापूस वाईट होता का?
– सुदामानगर, इंदूर

कापूस बहुधा चांगला होता. साटीन गुळगुळीत असतं. आतल्या कापसाला धरायला त्यात काही नसतं, आणि दोऱ्यांच्या ओळी लांब पडल्या की सगळा भार दोऱ्यावर येतो. रजई अंगावर ओढताना आपण ती नेहमी डोक्याकडच्या कडेने ओढतो, म्हणून कापूस पायाकडे सरकतो.

नव्याने भरताना आत मलमलची किंवा जुन्या मऊ धोतराची खोळ शिवा, कापूस त्या खोळीत भरा, आणि साटीन वरून घाला. दोरे मात्र तिन्हीतून एकदम घालायचे. सुती कापडाच्या लवेत कापसाचे तंतू अडकतात.

६० बाय ९०च्या रजईला २ किलो कापूस लागतो. फार थंडी वाजणाऱ्यांसाठी अडीच. तीनच्या वर नेऊ नका. ऊब कापसाच्या वजनात नसते, तंतूंमध्ये अडकलेल्या हवेत असते, आणि जड रजईत कापूस स्वतःच्याच ओझ्याने दबतो. सावरीचा कापूस उशीला उत्तम, रजईला नको. त्याचे तंतू गुळगुळीत, एकमेकांत गुंतत नाहीत, महिन्याभरात कोपऱ्यात जाऊन बसतात.

सारखा थर घालायचा असेल तर नजरेवर जाऊ नका. खोळ उलटी करून जमिनीवर पसरा आणि खडूने आठ घरं आखा: रुंदीत दोन, लांबीत चार. प्रत्येक घर ३० बाय साडेबावीस इंच. कापसाचे २५० ग्रॅमचे आठ ढीग तोलून प्रत्येक घरात एक पसरा, आणि घरांच्या रेषांवर तंतू एकमेकांत ओढून घ्या. कडेला दोन बोटं जाडी जास्त ठेवा. मग उघड्या बाजूच्या समोरच्या कडेपासून खोळ कापसासकट घट्ट गुंडाळत आणा, आणि उघडं तोंड त्या वळकटीवरून उलटवत उलगडा. खोळ सुलट होते, कापूस आत जातो. दोघं लागतात. एकट्याने केलं तर वळकटी मधून वाकते आणि तिथेच पहिली गाठ होते.

दोरे घालताना पहिली ओळ चारी बाजूंनी कडेपासून दोन इंच आत. मग चार-चार इंचांवर उभ्या-आडव्या ओळी. बाजारात भरून मिळणाऱ्या रजयांत या ओळी सहा-आठ इंचांवर असतात, कारण भरणाऱ्याला मजुरी नगावर मिळते. तिथेच तुमची रजई फसली. दोरे घरी घालायचे असतील तर पिंजाऱ्याकडून फक्त पिंजून आणा.

आहे तोच कापूस पुन्हा वापरता येईल. पिंजून घ्या, आणि त्यात चौथा हिस्सा नवा मिसळा. प्रत्येक पिंजणीत तंतू थोडे तुटून आखूड होतात. निव्वळ जुना कापूस फुगतो खरा, पण टिकत नाही. कापसाची रजई धुऊ नका. वर सुटी खोळ घाला आणि खोळ धुवा.

मशीनवर रजई शिवते, काळं घरगुती मशीन आहे. वरून छान दिसतं, मागच्या कापडावर मात्र चुण्या येतात. आत कापसाच्या जागी कुठली शीट वापरावी?
– लोकमान्यनगर, इंदूर

मशीनचे दात खालचं कापड ओढतात, वरचा पाय वरचं कापड दाबून धरतो. त्यामुळे थर वेगवेगळ्या वेगाने पुढे जातात. पायाच्या दांड्याच्या डोक्यावर जो स्क्रू आहे तो दोन-तीन फेरे सैल करा, दाब कमी होईल. टाका मोठा ठेवा, साडेतीन ते चार मिलिमीटर. सुई १६ नंबरची, पातळ शीट असेल तर १४. कच्च्या टाक्यांऐवजी सेफ्टी पिना चालतील, पण एका मुठीपेक्षा लांब-लांब नको. आणि एक ओळ वरून खाली, दुसरी खालून वर असं करू नका. सगळ्या ओळी एकाच दिशेने, नाहीतर शेजारच्या दोन ओळी कापड विरुद्ध दिशांना ओढतात आणि मध्ये तिरक्या सळ पडतात.

शीट जीएसएमवर मिळते, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम त्यावर. अंथरायच्या चादरीला १०० पुरे, पांघरायला २००. २०० जीएसएमची शीट ६० बाय ९०ला जेमतेम ७०० ग्रॅम भरते, म्हणून मशीनवर ती फिरवता येते. गडद रंगाच्या विरळ कापडाखाली पॉलिएस्टरची पांढरी शीट घालू नका. तिचे तंतू विणीतून बाहेर येतात आणि काळ्या कापडावर कायमची पांढरी लव दिसते. घालायचीच असेल तर मध्ये मलमलचा थर द्या.

गोटाची पट्टी अडीच इंच रुंद, लांबीत दुमडून दुहेरी. ६० बाय ९०चा घेर ३०० इंच, जोड आणि कोपरे धरून ३१२. ४४ पन्ह्याच्या कापडातून आठ पट्ट्या, म्हणजे पाऊण मीटर आणा. अर्ध्या मीटरात सातच बसतात. सरळ कडेला पट्टी सरळ कापा, उरेब, म्हणजे तिरकी कापलेली पट्टी, फक्त गोल कोपऱ्यांना लागते.

जेवणाच्या टेबलाच्या सहा खुर्च्या आहेत. बैठका चेपल्या, कापड फाटलं. घरी करता येईल का? कापड आणि फोम किती आणू?
– मल्हारगंज, इंदूर

येईल, आणि नवशिक्यांनी सुरुवात इथूनच करावी. शिलाई नाही, नुसतं ताणणं आणि ठोकणं आहे.

खुर्ची उलटी करा. बैठक खालून चार स्क्रूंनी बसवलेली असते. काढण्याआधी खुर्चीच्या आतल्या अंगाला आणि बैठकीच्या प्लायवर एकच आकडा लिहा, शिवाय पुढच्या बाजूला बाण करा. सहाही बैठका सारख्याच दिसतात, पण भोकं एकमेकींना जुळत नाहीत. हे शेवटी कळतं, तेव्हा सगळं कापड चढवून झालेलं असतं.

जुनं कापड, जुन्या चुका (बारीक खिळे), स्टेपल सगळं उपटून काढा. जुन्यावरच नवं चढवायचा मोह होतो. पण बैठक जर लाकडी चौकटीच्या आत बसणारी असेल, तर प्रत्येक बाजूला दीड-दोन मिलिमीटरचीच फट असते, आणि दोन कापडांची जाडी त्यात मावत नाही. तळाची फळी भुशाची असेल आणि फुगलेली असेल तर ती टाकून द्या, तिच्यात स्टेपल धरत नाही. १२ मिलिमीटरचा प्लाय कापून घ्या. त्याच वेळी जुना स्क्रू प्लायशेजारी धरून लांबी पाहा. स्क्रू लांब पडला तर टोक फोममधून वर येतं.

फोम दोन इंची. दुकानात नुसता 'चांगला' मागू नका, डेन्सिटी, म्हणजे घनता, विचारा. रोज वापरायच्या खुर्चीला ४०, अधूनमधून बसायच्या खुर्चीला ३२. त्याखालचा फोम वर्षभरात पापड होतो. प्लायपेक्षा चारी बाजूंनी पाव इंच मोठा कापा, म्हणजे कापड ताणल्यावर कडा भरलेल्या दिसतात. कापताना कटरचं पातं लांब बाहेर काढा आणि करवतीसारखं हलक्या हाताने चालवा. दाबून कापलं की फोम दबतो, आणि सोडल्यावर कड आत खोल गेलेली दिसते. फोमवर १०० जीएसएमची शीट अंथरा. कडा गोल होतात आणि कापड फोमला घासत नाही.

कापडाचा हिशोब: १८ बाय १८ची बैठक, त्यात दोन्ही बाजूंचा फोम दोन-दोन इंच आणि खाली दुमडायला दोन-दोन इंच. म्हणजे २६ इंचांचा चौकोन. सोफ्याच्या कापडाचा पन्हा ५४, त्यात दोन चौकोन बसतात. सहा खुर्च्यांना तीन ओळी, ७८ इंच. सव्वादोन मीटर आणा. मोठ्या फुलांचं किंवा पट्ट्यांचं असेल तर अर्धा मीटर वाढवा, कारण सगळ्या बैठकांवर फूल मध्यावर यायला हवं. रेक्झीन घेणार असाल तर प्लायला आधी १० मिलिमीटरची चार-पाच भोकं पाडा. रेक्झीनमधून हवा जात नाही. माणूस बसला की ती कोंडते, आणि स्टेपलच्या जागी रेक्झीन फाटतं.

आता मुख्य काम. कापड उलटं पसरा, त्यावर शीट, त्यावर फोम, त्यावर प्लाय. पुढच्या कडेच्या मध्यावर एक स्टेपल. मग मागे मध्यावर ताणून एक. डावीकडे एक, उजवीकडे एक. आता बैठक उलटून बघा. कापडाचा उभा-आडवा धागा बैठकीच्या कडेला समांतर आहे ना? नसेल तर या चार स्टेपल काढणं सोपं आहे, चाळीस काढणं नाही. मग मध्याकडून कोपऱ्याकडे, दर इंच-दीड इंचावर एक, आळीपाळीने समोरासमोरच्या बाजूंना. कोपऱ्यापासून दोन इंच अलीकडे थांबा. एक बाजू आधी पूर्ण ठोकली तर समोरच्या बाजूला कापड तिरकं ओढलं जातं आणि मग ते कशानेही सरळ होत नाही.

कोपरा असा: कापडाचं टोक धरून प्लायच्या मध्याच्या दिशेने तिरकं ओढा आणि एकच स्टेपल मारा. दोन्ही अंगांना दोन कान उभे राहतील. आतल्या जादा कापडाचा त्रिकोण कात्रीने कापा, स्टेपलपासून अर्धा इंच सोडून. मग बाजूचा कान आधी सपाट दाबा, पुढचा कान त्यावरून असा दुमडा की घडीची रेघ खुर्चीच्या बाजूला येईल, समोरून दिसणार नाही. बोटाचं नख त्या घडीवरून दाबून फिरवा आणि खाली दोन स्टेपल मारा. कापड जाड असेल तर कोपऱ्याला दोनऐवजी चार बारीक चुण्या घाला. पहिला कोपरा बिघडणारच. म्हणून मागच्या बाजूच्या कोपऱ्यापासून सुरुवात करा.

१२ मिलिमीटर प्लायला १० मिलिमीटरच्या स्टेपल. हाताची गन पुरते. तिचं तोंड पूर्ण टेकवून, वरून दुसऱ्या हाताने दाबून मारा, तरी काही स्टेपल अर्ध्या बाहेर राहतातच. त्या हातोडीने बसवा. गन, स्टेपल आणि स्क्रू हार्डवेअरच्या कुठल्याही दुकानात एकत्र मिळतील. तळाला काळं न विणलेलं कापड लावलं की काम नीटनेटकं दिसतं, आणि फोमचा भुगा फरशीवर पडत नाही.

सोफ्याच्या रेक्झीनचे पापुद्रे निघताहेत, विशेषतः डोकं टेकतं तिथे. काही लावून थांबवता येईल?
– देवास

नाही. पापुद्रे निघणारं रेक्झीन म्हणजे कापडावर चढवलेला पातळ पॉलियुरेथेनचा थर. हवेतल्या दमटपणाने तो कापडापासून सुटतो, आणि एकदा सुटू लागला की गोंद लावलेल्या जागेच्या शेजारी पुन्हा सुटतो. डोक्याचं तेल आणि उन्हाळ्यातली चाळीस अंशांवरची उष्णता हे काम लवकर उरकतात. पैसे रंगात आणि चिकटपट्टीत घालवू नका, कापड बदलायला ठेवा. तोवर वापरायचा असेल तर जुनी चादर घट्ट ताणून खाली बांधा आणि वर सैल खोळ घाला. नुसती खोळ घातली तर पापुद्रे शिवणीतून बाहेर येतात. पुढच्या वेळी रेक्झीन घेतलंत तर डोक्याच्या जागी सुती आच्छादन पहिल्या दिवसापासून ठेवा.

बाग प्रिंटच्या तांबड्या-काळ्या कापडाला पांढरं पॉपलिन जोडून उशांचे अभ्रे शिवले. पहिल्याच धुण्यात पॉपलिन गुलाबी झालं. दुकानदार म्हणाला होता, मिठाच्या पाण्यात भिजवा. भिजवलं होतं.
– महू

मिठाने सुती कापडावरचा तयार रंग 'पक्का' होत नाही. हा सल्ला प्रत्येक घरात आहे आणि प्रत्येक घरात कुठलातरी गुलाबी अभ्राही आहे. धार जिल्ह्यातल्या बागच्या छपाईत तांबडा रंग तुरटीवर धरतो आणि काळा लोखंडाच्या पाण्यावर. जो रंग कापडात धरला तो टिकाऊ असतो. पॉपलिनवर आला तो वरचा, न धरलेला जादा रंग. तो फक्त पाण्याने काढून टाकायचा असतो.

अभ्रे अजून इस्त्री केले नसतील तर आशा आहे. वेगवेगळे, भरपूर साध्या पाण्यात सौम्य साबण घालून तासभर बुडवा, पाणी बदला, पुन्हा बुडवा. बादलीत कापड मोकळं फिरलं पाहिजे, कोंबून ठेवलं तर सुटलेला रंग पुन्हा त्याच्यावरच बसतो. पिळून गोळा करून ठेवू नका, लगेच सावलीत पसरा. ब्लीच लावू नका, पांढरं होईल पण छापाचाही बळी जाईल. लिंबू आणि व्हिनेगरही नको, आंबटाने लोखंडी काळा फिका पडतो.

पुढच्या वेळी कापण्याआधी कापड एकटंच धुवा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. तीन-चार पाणी लागतात. मग ओल्या कापडावर पांढरा फडका ठेवून इस्त्री फिरवा. फडका पांढरा राहिला तरच शेजारी पांढरं लावा. या धुण्यात कापड थोडं आटतंही, ते शिवण्याआधी आटलेलं बरं. शिवल्यावर आटलं की पॉपलिन आणि छापील कापड वेगवेगळं आखडतं आणि जोडावर लाटा येतात.

दिवाणाला ७२ बाय ३० बाय ४ इंचांचा फोम आहे. चेनची खोळ आणि दोन लोड शिवायचे आहेत. मागच्या वेळी खोळ सैल झाली आणि लोडाच्या तोंडाला चुण्या पडल्या.
– जेल रोड, इंदूर

फोमची खोळ फोमपेक्षा अर्धा इंच लहान हवी, हेच तुमचं राहिलं. वरचा आणि खालचा तुकडा साडेबहात्तर बाय साडेतीस कापा. अर्धा-अर्धा इंच माया गेली की साडेएकाहत्तर बाय साडेएकोणतीस उरतं. बाजूची पट्टी पाच इंच रुंद. ५४ पन्ह्याच्या कापडात एक तुकडा बसून शेजारी साडेतेवीस इंच उरतात, त्यातूनच पट्ट्या निघतात. पावणेचार मीटरमध्ये खोळीचं सगळं होतं. चेन मागच्या लांब बाजूला बसवा, आणि दोन्ही कोपऱ्यांवरून चार-चार इंच आखूड बाजूला वळवा. ३० इंचांच्या तोंडातून सहा फूट फोम ढकलताना शिवण फाटते. फोम मोठ्या पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आत सरकवा आणि नंतर पिशवी ओढून काढा.

लोडाच्या तोंडाला चुण्या पडतात त्या गोल तुकड्याचा घेर आणि अंगाचा घेर न जुळल्याने. ९ इंच व्यासाच्या लोडाचा घेर सव्वाअठ्ठावीस. अंगाचं कापड सव्वाएकोणतीस रुंद, ३० इंच लांबीच्या लोडाला ३१ लांब. गोल तुकडा १० इंच व्यासाचा. आता अंगाच्या कडेला दर इंचावर पाव इंच खोल कात्री द्या, म्हणजे ती गोलावर उघडत जाते. गोल आणि अंग दोन्हींवर चार-चार खुणा करा, खुणेला खूण टाचा, आणि मधलं कापड बोटाने पसरत टीप मारा, गोल तुकडा खाली ठेवून. एका बाजूला चेन ठेवायची असेल तर ती अंगाच्या लांब शिवणीत ठेवा, गोलात नको. आत तीन ते साडेतीन किलो कापूस, कोपऱ्यापासून मूठ-मूठ ठासून. लोड सैल भरला की आठ दिवसांत त्याची उशी होते.

फोमच्या गादीला पावसाळ्यानंतर वास येतो. गच्चीवर उन्हात टाकली तर चालेल?
– उज्जैन

कापसाची गादी जरूर टाका. दुपारी उलटवा, संध्याकाळी गार झाल्यावर घडी घाला. गरम कापूस घडीत ठेवला तर आत वाफ धरते. फोमची गादी थेट उन्हात नको, उन्हाने तो पिवळा पडतो आणि चुरा होतो. पंख्याखाली किंवा सावलीच्या वाऱ्यात भिंतीला उभी टेकवा, दर दोन तासांनी टेकवलेली बाजू बदला, आणि खोळ तेवढी उन्हात घाला. पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवली होती का? वास तिथूनच येतो. जुन्या चादरीत बांधा.